गोव्यातल्या लहान फास्टफूड हॉटेलात ऑर्डरचे किऑस्क बसवायचे तर

किऑस्क, म्हणजे गिऱ्हाईक स्वतः ऑर्डर देऊन पैसे भरते ते स्क्रीनचे यंत्र, घ्यायचा विचार बहुतेकदा गल्ल्यासमोरची रांग बघून सुरू होतो. रांग दिसते गल्ल्यावर, अडलेली असते किचनात, हे अनेकदा घडते. म्हणून कोटेशन मागवण्याआधी एका शनिवारी संध्याकाळी ७ ते ९ घड्याळ लावून बसा आणि तीन वेगवेगळ्या वेळा लिहून काढा: गिऱ्हाईक रांगेत किती वेळ उभे राहिले, गल्ल्यावर ऑर्डर सांगून पैसे देईपर्यंत किती वेळ गेला, आणि पैसे दिल्यापासून प्लेट हातात पडेपर्यंत किती गेला. निदान ३० ऑर्डरींची नोंद हवी. तिसरी वेळ पहिल्या दोन्हींच्या बेरजेपेक्षा बरीच मोठी असेल, तर स्क्रीनवर पैसे घालू नका. दुसरा फ्रायर घ्या किंवा तव्यावर एक माणूस वाढवा.

किचनची कमाल क्षमता कागदावर काढायला सोपी आहे. दोन बास्केटचा फ्रायर, एका बास्केटमध्ये ३ प्लेट फ्राइज, तळायला ४ मिनिटे, तेल पुन्हा तापायला १ मिनिट. म्हणजे ५ मिनिटांत ६ प्लेट, तासाला ७२. हा वरचा आकडा झाला. माल भरणे, मीठ घालणे, पॅक करणे धरून ५५ ते ६० प्लेट हाती येतात. तीन स्क्रीन तासाला ९० फ्राइज विकू लागले तर काय होईल? रांग गल्ल्यावरून उठून डिलिव्हरी काउंटरवर (प्लेट हातात देतात तिथे) जाईल आणि तिथे ती जास्त चिडलेली असेल, कारण पैसे आधीच गेलेले असतात.

किती स्क्रीन लागतील तेही असेच काढा. सरावलेला कॅशियर पाऊण मिनिटात ऑर्डर उरकतो. स्क्रीनवर नवखे गिऱ्हाईक फोटो बघते, मागे येते, मुलांना विचारते. सरासरी २ मिनिटे धरा. एका स्क्रीनवर तासाला जास्तीत जास्त ३०, पण लोक समान अंतराने येत नाहीत, म्हणून ७० टक्के, म्हणजे २१ धरा. गर्दीच्या तासाला ६० ऑर्डरी असतील आणि त्यांतल्या ३६ स्क्रीनवर वळतील असे गृहीत धरले, तर दोन स्क्रीन लागतात. एकच बसवला तर त्याच्यापुढे नवी रांग लागते आणि लोक परत गल्ल्याकडे वळतात. ‘आधी एक घेऊन बघू’ हा विचार खिशाला बरा वाटतो, पण त्यातून खरा अंदाज येत नाही.

यंत्र निवडताना

स्क्रीन उभा, २१.५ ते २७ इंच, १०८० बाय १९२० पिक्सेलचा असला की लहान जागेला भागते. ३२ इंची स्क्रीन मॉलमध्ये शोभतो; फोंड्याच्या बाजारातल्या दहा टेबलांच्या हॉटेलात तो नुसता वाट अडवतो.

टच कोणत्या प्रकारचा आहे हे विचारा. कपॅसिटिव्ह, म्हणजे मोबाइलसारखा टच घ्या. स्वस्त यंत्रांत इन्फ्रारेड टच असतो: काचेच्या कडेने अदृश्य किरणांची जाळी असते आणि काहीही आड आले की ते बोट समजले जाते. जूनच्या पहिल्या सरींनंतर दिव्यावर पाखरे येतात, ती स्क्रीनवर बसली की ऑर्डरी आपोआप भरू लागतात. कडेला धूळ आणि तेलकटपणा साचला तरी तेच. कपॅसिटिव्ह टचलाही एक खोड आहे. अर्थिंग नीट नसेल तर स्क्रीन स्वतःच दाबल्यासारखा वागतो. कंपनीचा माणूस स्क्रीन बदलून जातो, आठवड्याने तेच पुन्हा. अशा वेळी आधी इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजून घ्या. तो दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर दोष वायरिंगमध्ये आहे.

कळंगुट, कोलवा, मिरामार अशा समुद्रालगतच्या जागी खारी हवा हा मोठा शत्रू. साध्या लोखंडावर पावडर कोटिंग केलेला स्टँड आधी स्क्रूच्या भोकांपाशी आणि तळाशी गंजतो, कारण फरशी पुसताना पाणी तिथेच लागते. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलवरही तांबूस डाग येतात. ३१६ ग्रेड टिकते पण महाग पडते. मधला मार्ग असा: यंत्र भिंतीवर लावा. स्टँडच घ्यायचा असेल तर खाली २ इंच रबराचे पाय लावा, स्क्रू मात्र ३१६ चेच मागा. आतला पंखा हवा आत ओढतो तिथे धुता येईल अशी जाळी हवी. ती नसेल तर पाल आत शिरते, मुंग्याही येतात, आणि ऊब मिळाल्यावर तिथून हलत नाहीत.

प्रिंटर ८० मिमी रुंदीचा, ऑटो-कटरवाला घ्या. ५८ मिमीवर नावे तुटतात. ५० मीटरच्या रोलवर १२ सेंटिमीटरच्या साधारण ४०० पावत्या निघतात, म्हणजे गर्दीच्या दिवशी रोल संध्याकाळी संपणार हे आधीच कळते. दुपारी ४ वाजता उरलेला रोल काढून नवा घाला आणि अर्धा रोल गल्ल्यावरच्या प्रिंटरला वापरा. कागद संपत आल्याची सूचना देणारा सेन्सर असेल तर छानच, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

मराठी किंवा कोकणी अक्षरे छापायची असतील तर विक्रेत्याकडून तिथल्या तिथे छापून घ्या. साध्या थर्मल प्रिंटरच्या स्वतःच्या अक्षरसंचात देवनागरीची जोडाक्षरे नसतात. वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाते, रफार सुटा पडतो. मजकूर चित्र म्हणून पाठवला की बरोबर उमटतो. पावतीला थोडा जास्त वेळ लागतो, तो चालेल. ‘मिरची भजी’, ‘शाकुती’, ‘फ्रँकी’ आणि ‘टोकन क्र.’ एवढे शब्द छापून बघितले तर बहुतेक दोष बाहेर पडतात.

जागा, वीज, नेट

दारातून आत आल्यावर दीड ते दोन मीटरवर, वाट न अडवता, आणि गल्ला जिथून दिसतो तिथे. पश्चिमेच्या काचेसमोर स्क्रीन ठेवला तर दुपारी ४ नंतर त्यावर काहीच दिसत नाही. एसीच्या खाली ठेवला तर पावसाळ्यात पाणी ठिबकते. फ्रायरच्या जवळ ठेवला तर काचेवर तेलाचा पातळ थर बसतो. डिलिव्हरी काउंटर स्क्रीनपासून निदान २ मीटर दूर हवा, नाहीतर वाट बघणारे आणि ऑर्डर देणारे एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उभे राहतात.

समोर ९०० बाय १२०० मिमी जागा मोकळी ठेवा, व्हीलचेअर तिथे थांबू शकते. महत्त्वाची सगळी बटणे जमिनीपासून ४ फुटांच्या आत हवीत. स्क्रीन मोठा असेल तर सॉफ्टवेअरमध्ये ‘खाली आणा’ असे बटण असते, त्याने सगळा मेनू खालच्या अर्ध्या भागात येतो. कंपनी ते बंद ठेवून देते. चालू करून घ्या.

एक स्क्रीन, प्रिंटर आणि राउटर मिळून दीडशे ते दोनशे वॉट खातात. ६०० व्हीएचा यूपीएस दहाएक मिनिटे खेचतो, तेवढ्यात जनरेटर किंवा इन्व्हर्टर सुरू होतो. लोक किऑस्क यूपीएसवर घेतात आणि राउटर विसरतात. मग दिवे गेले की स्क्रीन चालू, पैसे बंद. मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये गोव्यात विजांचा कडकडाट असतो. बोर्डात सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारे उपकरण) बसवा. फायबरच्या तारेतून वीज येत नाही, पण बाहेरून आलेली तांब्याची लॅन केबल असेल तर वीज तिच्यातूनही आत शिरते आणि यंत्राचा बोर्ड जाळते.

मुख्य नेटसोबत दुसऱ्या कंपनीचे ४जी सिम राउटरमध्ये घालून ठेवा. गिऱ्हाइकांना दिलेले वायफाय आणि किऑस्कचे नेट वेगळे ठेवा.

मेनू

बसवायला आलेला माणूस तुमच्या छापील मेनूकार्डाचा फोटो घेतो आणि ११० पदार्थ जसेच्या तसे स्क्रीनवर भरतो. तिथेच अर्धे काम बिघडते. गल्ल्यावर गिऱ्हाईक विचारते, ‘काय गरम आहे?’ आणि कॅशियर दोन नावे सांगून मोकळा होतो. स्क्रीनला हे येत नाही, म्हणून ते काम मेनूच्या मांडणीने करावे लागते. पहिल्या पानावर ६ ते ८ विभाग, एका पानावर ६ ते ९ पदार्थ, आणि सर्वांत जास्त खपणारे आठ पदार्थ पहिल्याच विभागात. महिनाभरात दहादेखील विकले न गेलेले पदार्थ स्क्रीनवर टाकूच नका. ते गल्ल्यावर मिळतील.

वेळेप्रमाणे मेनू बदलायची सोय वापरा. भाजी-पाव आणि बटाटवडा सकाळी, रस-आमलेट संध्याकाळी. पदेराकडून (पाववाल्याकडून) आलेली पोई (गोव्याचा कोंड्याचा पाव) संपली की ‘पाव की पोई?’ हा प्रश्नच स्क्रीनवरून जायला हवा. त्यासाठी किचनात एक जुना फोन किंवा टॅब ठेवा, त्यावर ‘संपले’ हे बटण एका दाबात चालले पाहिजे. आचाऱ्याला पासवर्ड टाकून तीन पाने उघडावी लागत असतील तर तो ते कधीच करणार नाही, आणि नसलेल्या मालाचे पैसे परत करण्यात कॅशियरची संध्याकाळ जाईल.

मासळीचे पदार्थ वेगळ्या हंगामी गटात ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, कोळंबीचा भाव वर जातो किंवा माल मिळत नाही. अख्खा गट एका कळीने बंद करता आला पाहिजे. श्रावणात आणि सोमवारी उलट मागणी येते, म्हणून पहिल्याच पानावर ‘फक्त शाकाहारी’ असा मोठा गाळणीचा पर्याय द्या. शाकाहारासाठी हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका, मांसाहारासाठी तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मांसाहारालाही ठिपकाच असतो, तो बदलून घ्या.

मांस कशाचे आहे ते पदार्थाच्या नावातच लिहा. चोरिस-पावात डुकराचे मांस असते हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही, पण पर्यटक फोटो बघून लालसर, चटकदार दिसते म्हणून दाबतो. ‘चोरिस-पाव (डुकराचे मांस)’, ‘कटलेट-पाव (बीफ)’, ‘कटलेट-पाव (चिकन)’. आतल्या पानावर बारीक अक्षरात दिलेली सूचना कोणी वाचत नाही. ही चूक परतफेडीवर भागत नाही. माणूस दुखावला जातो, आणि तसे वाटण्यात त्याची चूक नसते.

पदार्थानंतरचे प्रश्न दोनांपेक्षा जास्त नकोत. ‘तिखट कमी?’, ‘कांदा नको?’ हे एका पानावर. त्यानंतर पेय हवे का, हे एकदाच विचारा. तीन वेळा विचारणारी यंत्रे असतात. लोक मधेच ऑर्डर सोडून गल्ल्यावर येतात.

भाषा चार: कोकणी, मराठी, इंग्रजी, हिंदी. भाषा बदलल्यावर भरलेली ऑर्डर पुसली जाते का ते तपासा. अनेक यंत्रांत जाते. बटणांवरची कोकणी आणि मराठी एकमेकांत मिसळू देऊ नका: ‘फुडें’ आणि ‘पुढे’ एकाच पानावर दिसले की दोन्हीकडच्यांना खटकते. यंत्राने केलेले भाषांतर न वाचता लावू नका. घरातल्या किंवा शेजारच्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या, सगळा मजकूर जेमतेम दोन पानांचा असतो.

किचनात जाणारी केओटी (ऑर्डरची चिठ्ठी) मात्र एकाच भाषेत हवी, गिऱ्हाइकाने कोणतीही निवडो. आचारी कर्नाटकातला, ओडिशातला, नेपाळचा असू शकतो. त्याला वाचता येईल अशी लघुनावे आणि मोठे आकडे ठेवा, आणि ‘कांदा नको’सारखा बदल उलट्या रंगात, म्हणजे काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरात छापा. केओटीवर साध्या अक्षरांत लिहिलेला बदल गर्दीच्या वेळी नजरेतून सुटतोच.

बिअर स्क्रीनवर ठेवू नका. परवाना असला तरी गिऱ्हाइकाचे वय २१ आहे का हे माणसानेच बघायचे असते. शिवाय दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो, त्यामुळे बिलाची घडीच बदलते.

पैसे

यूपीआयसाठी स्क्रीनवर दर ऑर्डरला नवा क्यूआर उमटला पाहिजे, ज्यात रक्कम आणि ऑर्डर क्रमांक आधीच भरलेला असतो. छापील क्यूआरचा स्टिकर यंत्रावर चिकटवू नका. तसा स्टिकर वरून दुसरा चिकटवून बदलता येतो, आणि त्यात रक्कम नसल्याने कोणी ३४० ऐवजी ३४ भरले तरी यंत्राला कळत नाही. स्क्रीनवरचा क्यूआर निदान ६ सेंटिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळा. हॉटेलच्या रंगात रंगवलेले क्यूआर जुन्या फोनना वाचता येत नाहीत.

केओटी केव्हा सुटायची? बँकेच्या किंवा पेमेंट कंपनीच्या सर्व्हरकडून ‘पैसे आले’ असा निरोप यंत्राला मिळाल्यावरच. गिऱ्हाइकाने फोनवर हिरवी खूण दाखवली म्हणून नाही. तशी खूण दाखवणारी खोटी अ‍ॅप आहेत.

आता सर्वांत जास्त भांडणे होतात तो प्रसंग. क्यूआरची मुदत ३ मिनिटे ठेवली आहे, गिऱ्हाइकाने पिन टाकला, नेट रेंगाळले, मुदत संपली, स्क्रीनवर ‘व्यवहार अयशस्वी’ आले, आणि दहा सेकंदांनी खात्यातून पैसे गेल्याचा एसएमएस आला. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा पैसे भरायला तयार नसते, आणि ते बरोबरच आहे. यासाठी सॉफ्टवेअरमध्ये तीन गोष्टी हव्यात. मुदत ५ मिनिटे असावी. मुदत संपल्यावर यंत्राने लगेच ‘अयशस्वी’ न म्हणता ‘तपासत आहोत’ असे दाखवून सर्व्हरला पुन्हा विचारावे आणि ऑर्डर क्रमांकाची चिठ्ठी द्यावी. आणि गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरवर ‘पैसे आले, ऑर्डर सुटली नाही’ अशी यादी दिसावी, जिथून कॅशियर एका दाबात केओटी सोडू शकेल. तिसरी सोय नसलेले सॉफ्टवेअर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका.

पैसे खात्यातून गेले आणि तुमच्याकडे पोचलेच नाहीत, असेही होते. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत जायला हवी, उशीर झाल्यास बँकेला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. कॅशियरला हे वाक्य पाठ असू द्या आणि गिऱ्हाइकाकडून १२ आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक लिहून घ्यायला सांगा. रोख परत करायची वेळ आलीच तर हा क्रमांक नोंदवल्याशिवाय करू नका, नाहीतर बँकही परत करते आणि तुम्हीही.

परदेशी पाहुण्यांकडे सहसा यूपीआय नसते. त्यांच्यासाठी टॅप करून चालणारे कार्ड मशीन यंत्राला जोडा. भारतातल्या कार्डांना ५,००० रुपयांपर्यंत टॅपला पिन लागत नाही. त्यापुढे लागतो, म्हणून पिनचे बटणपॅड हाताला येईल अशा उंचीवर आणि मागच्या माणसाला न दिसेल असे लावा. मशीन नुसते टेबलावर ठेवले आणि रक्कम हाताने टाकावी लागली तर स्क्रीनचा उपयोग निम्मा झाला.

रोख बंद करू नका. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला आलेली माणसे, शाळेची मुले, फोनची बॅटरी संपलेले पर्यटक रोखच देतात. स्क्रीनवर ‘गल्ल्यावर पैसे भरतो’ हा पर्याय द्या. बारकोडची चिठ्ठी निघते, कॅशियर ती स्कॅन करून पैसे घेतो आणि तेव्हाच केओटी सुटते. १५ मिनिटांत पैसे आले नाहीत तर ऑर्डर आपोआप रद्द.

बिल आणि नियम

साध्या हॉटेलसाठी जीएसटी ५ टक्के, इनपुट क्रेडिटशिवाय, म्हणजे खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा होत नाही. निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. स्क्रीनवर करासह किंमत दाखवा. १०० रुपयांच्या पदार्थात मूळ किंमत ९५.२४ आणि दोन्ही कर प्रत्येकी २.३८. तुम्ही कंपोझिशन योजनेत (लहान व्यावसायिकांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असाल तर गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही, बिलावर कराची ओळही नको. यंत्रासोबत येणाऱ्या तयार नमुन्यात ती ओळ असतेच, काढून टाका.

बिल क्रमांक १६ अक्षरांच्या आत आणि आर्थिक वर्षात न तुटणारा हवा. प्रत्येक यंत्राला स्वतःची मालिका द्या: यंत्राचे चिन्ह, वर्ष, मग सहा आकडे. दोन यंत्रांना एकच मालिका दिली आणि नेट गेले, की दोन्हींवर एकच क्रमांक छापला जातो. १ एप्रिलला मालिका नव्याने सुरू होते की नाही ते ३१ मार्चच्या रात्रीच बघा.

अन्न सुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक बिलावर छापणे १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचे आहे. गल्ल्यावरच्या बिलात तो असतो, किऑस्कच्या पावतीत राहून जातो. शंका असेल तर बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयात विचारता येते. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असतील तर पदार्थाशेजारी कॅलरीही दाखवाव्या लागतात. एकट्या हॉटेलाला नाही.

सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचना त्याला मनाई करतात आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या ग्राह्य धरल्या. तसेच आधीच खूण केलेली २ रुपयांची देणगी, किंवा न विचारता घातलेले पॅकिंगचे पैसेही नकोत. त्याच प्राधिकरणाच्या २०२३ च्या सूचनांत अशा छुप्या भरीला नावानिशी आक्षेप आहे. पार्सलचे पैसे घ्यायचे असतील तर ‘इथे खाणार की पार्सल?’ या प्रश्नावरच रक्कम लिहा.

मोबाइल नंबर मागायचा असेल तर ‘नको’ हे बटण ‘हो’ एवढेच मोठे ठेवा. नंबर दिल्याशिवाय पुढे न जाणारा स्क्रीन कायद्याने अडचणीत आणू शकतो, वर प्रत्येक ऑर्डरला पंधरा-वीस सेकंद खातो.

टोकन

तीन आकडी, रोज नव्याने सुरू होणारे. गल्ला १०१ पासून, पहिला किऑस्क ३०१ पासून, दुसरा ६०१ पासून. आकड्यावरूनच ऑर्डर कुठली ते कळते. टोकनचा आकडा पावतीवर सर्वांत मोठा हवा, हॉटेलच्या चिन्हापेक्षाही. डिलिव्हरी काउंटरवर ‘तयार होत आहे’ आणि ‘तयार’ असे दोन रकाने दाखवणारा टीव्ही लावा आणि आवाजाने पुकारा. किचनात ठरावीक संख्येपेक्षा जास्त ऑर्डरी अडकल्या की स्क्रीनने पैसे घेण्याआधी ‘आज २० मिनिटे लागतील’ असे सांगावे. ती संख्या वर काढलेल्या फ्रायरच्या हिशेबातून येते: २० मिनिटांत २० प्लेट निघत असतील तर १५ ला इशारा, २५ ला फ्राइज तात्पुरते बंद.

सुरुवातीचे आठवडे

डिसेंबरात सुरू करू नका, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यातही नको. ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध बरा, आणि वार मंगळवार. त्याआधी एका बंद दुपारी ही चाचणी घ्या:

१. क्यूआर स्कॅन करून पिन टाकण्याआधी राउटरची वायर काढा. ‘तपासत आहोत’ येते का?
२. छपाई चालू असताना रोल काढा. नवा घातल्यावर तीच पावती पुन्हा छापली जाते का?
३. ‘पैसे भरा’ बटण पटापट दोनदा दाबा. दोन ऑर्डरी तयार होतात का?
४. एका स्क्रीनवर कोळंबी ‘संपले’ करा, दुसऱ्यावर ती आधीच भरलेली असताना. पैसे घेण्याआधी अडवते का?
५. वीज घालवा, दोन मिनिटांनी आणा. यंत्र कोणी हात न लावता मेनूच्या पानावर येते, की मधेच पासवर्ड मागते?
६. यंत्राची तारीख मुद्दाम चुकवा. घड्याळ चुकले की सुरक्षित नेट जोडणी नाकारली जाते आणि पैसे अडतात. कारण लवकर सापडत नाही, म्हणून लक्षण एकदा बघून ठेवा.

सॉफ्टवेअरच्या अपडेटची वेळ पहाटे ४ ची ठेवा. न ठेवल्यास ते ऐन गर्दीत सुरू होते.

पहिले तीन-चार आठवडे एक माणूस स्क्रीनशेजारी उभा हवा, आणि तो जुना कॅशियरच असला तर उत्तम: त्याला मेनू आणि गिऱ्हाइके दोन्ही माहीत असतात. त्याने स्वतः बटणे दाबून देऊ नयेत, नुसते सांगावे. दाबून दिले की गिऱ्हाईक पुढच्या वेळीही त्याचीच वाट बघते. किऑस्कमुळे कॅशियर कमी करता येईल असे विक्रेता सांगतो. प्रत्यक्षात काम गल्ल्यावरून डिलिव्हरी काउंटरवर सरकते: टोकन पुकारणे, पिशवी तपासणे, अडकलेले पैसे सोडवणे. गर्दीच्या वेळी दोन कॅशियर असतील तर एकाला तिकडे न्या, दुसरा गल्ल्यावर राहू द्या. वयस्क माणसांना आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना स्क्रीनकडे ढकलू नका.

रात्री तीन आकडे जुळवा: किऑस्कवरची विक्री, किचनात सुटलेल्या केओटी, आणि पेमेंट कंपनीचा अहवाल. तफावत त्याच रात्री शोधली तर पाच मिनिटांत सापडते. महिन्याच्या शेवटी शोधायला बसलात तर लेखापालही हात टेकतो.

देखभाल

काच दर तासाला मायक्रोफायबरच्या कापडाने पुसा. द्रव कापडावर फवारा, स्क्रीनवर नाही. तो कडेने आत उतरतो. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. ब्लीच आणि अमोनियावाले काचेचे क्लीनर नको. पुसताना टच बंद ठेवणारी ‘सफाई’ची सोय वापरा, नाहीतर पुसता पुसता तीन बर्गरची ऑर्डर तयार होते.

पावसाळ्यात कागद ओल धरतो, मऊ पडतो आणि कटरमध्ये अडकतो. रोल हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा, एका वेळी एकच बाहेर काढा. प्रिंटरचे हेड आठवड्यातून एकदा अल्कोहोलच्या बोळ्याने, प्रिंटर बंद करून, थंड झाल्यावर पुसा. पावतीवर उभी पांढरी रेघ दिसली तर हेडवर घाण आहे किंवा तिथला बिंदू जळला आहे. पुसून गेली नाही तर हेड बदलावे लागेल.

किनाऱ्यावरची बरीच हॉटेले पावसाळाभर बंद असतात. यंत्र तिथेच प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवले तर आत ओल कोंडते आणि ऑक्टोबरात जोडण्या हिरव्या पडलेल्या सापडतात. रोल काढा, सुती चादर टाका, आणि आठवड्यातून एकदा दोन तास चालू ठेवा. आतली ऊब ओल घालवते. आठवड्याला कोणी जाणार नसेल तर यंत्र काढून घरी कोरड्या खोलीत ठेवा.

वार्षिक देखभालीच्या करारात एवढे लिहून घ्या: दुरुस्तीचा माणूस गोव्यातलाच असेल की पुण्या-बेळगावहून येईल, किती तासांत येईल, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातही येईल का, मेनू आणि किमती बदलायचे वेगळे पैसे आहेत का, आणि करार संपला तर विक्रीची जुनी नोंद तुम्हाला कोणत्या स्वरूपात मिळेल. एक जादा प्रिंटर आणि एक पॉवर अ‍ॅडॅप्टर स्वतः विकत घेऊन गल्ल्याखाली ठेवा. बंद पडलेल्या किऑस्कमध्ये बहुतेक वेळा यांतलेच काहीतरी गेलेले असते, आणि स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला तर कॅशियरलाही ते बदलता येते.